डिसेंबरच्या सुट्टीत शाकाहारी सासूबाईंना घेऊन जपानला जावं का?

तुम्ही विचारलंय : सासूबाई ६८ वर्षांच्या, पूर्ण शाकाहारी, दोन शाळकरी मुलं, नाताळच्या सुट्टीत दहा-बारा दिवस जपान, थंडी झेपेल का, खायचं काय, खर्च किती. आणि शेवटी एक ओळ आहे, 'मोठे दीर म्हणतात त्यांना कशाला नेता, तिथे उपाशी राहतील.' त्या ओळीसाठी मी हे लिहायला बसले. माझ्या सख्ख्या भावाने हेच मला ऐकवलं होतं, जवळजवळ याच शब्दांत.

न्या. बाकीचं पुढे सांगते, पण आधी हे.

आम्ही २०२४ च्या डिसेंबरात गेलो. मी, नवरा, दोन मुलं आणि माझी आई. आई तेव्हा ७१ ची. कराडला दादा-वहिनीकडे असते. आळंदीची कार्तिकी तिने सहसा चुकवलेली नाही, एकादशी तर कधीच नाही. दादा म्हणाला, "तिला काशीला ने, रामेश्वरला ने, जपानमध्ये तिचं काय आहे? आणि लेकीच्या घरच्या पैशावर एवढं फिरणं बरं दिसतं का?" मी स्वतः वीस वर्षं नोकरी करते, तिकीट माझ्या पगारातून काढलं होतं. हे बोलणं जेवणाच्या टेबलावर चाललं होतं, आई शेजारीच भाजी निवडत बसली होती आणि आम्ही दोघांनीही तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, "मला बर्फ बघायचाय." एवढंच.

तर क्योतोतला दुसरा दिवस. थंडी म्हणाल तर दुपारी आठ-नऊ अंश, रात्री दोन-तीन. संध्याकाळी पावणेपाचलाच दिवस बुडतो. दिवसभर फिरून सगळे गारठलेले. एका नूडल्सच्या दुकानाबाहेर भाज्या घातलेल्या उदोनचा फोटो होता, आत विचारलं तर मांस नाही म्हणाले. आईसमोर वाफाळता वाडगा आला, तिने दोन घोट घेतले आणि वाडगा हळूच बाजूला सरकवला. "माशाचा वास येतोय गं." चूळ भरून आली आणि पिशवीतली दशमी काढून लोणच्याबरोबर खाल्ली. कुणावर चिडली नाही. माझ्या मुलाने निरागसपणे तो वाडग्याचा फोटो आजीच्या गोष्टीसकट घरच्या ग्रुपवर टाकला आणि मिनिटभरात दादाचं उत्तर आलं : "सांगितलं होतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक माझी होती आणि ती तुम्ही करू नये म्हणून नीट सांगते. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी. आपल्याकडे जशी फोडणी, तसं तिथे हे पाणी. बहुतेक ठिकाणी ते कात्सुओबुशीचं, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या माशाच्या किसाचं असतं. मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं सार), उदोन-सोबा या नूडल्सचा रस्सा, तेंपुरा म्हणजे तिथल्या भज्यांबरोबरचं बुडवायचं पाणी, शिजवलेल्या भाज्या, हिवाळ्यात दुकानादुकानात उकळत असलेलं ओदेन, सगळ्यात ते असतं. वाडग्यात मासा दिसत नाही, म्हणून दुकानदारही मनापासून 'मांस नाही' म्हणतो, आणि ते खोटंही नसतं. 'निकु', म्हणजे मांस, नाही ना, एवढं विचारून भागत नाही. निकु, साकाना (मासे) आणि दाशी, तिन्ही नको असं जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. पुढे आम्ही तेच केलं. दोन ठिकाणी त्यांनी हात जोडून नाही म्हटलं, तर तिसरीकडे गेलो.

दाशी सोडूनही खायला खूप आहे. लालसर आझुकी दाण्यांचं गोड, गरम झेनझाई, त्यात भाजलेला मोची, म्हणजे चिकट तांदळाचा गोळा. आईने चमचा तोंडात घालताच म्हटलं, "हे पातळ केलेलं पुरण आहे." हिवाळ्यातल्या स्ट्रॉबेऱ्या आणि संत्र्यासारखी मिकान. ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, आत उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ. नानझेनजी देवळाच्या आसपासचं युदोफू, म्हणजे कोंबू या समुद्री शेवाळाच्या पाण्यात गरम केलेलं टोफू. बरोबरच्या सॉसचं मात्र विचारून घ्या. २६ डिसेंबरला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आणि एकादशी एकाच दिवशी आली होती. दुहेरी उपास. मी भगरीचं पीठ शोधत बॅगा उपसत होते आणि आई सुपरमार्केटच्या दारात थांबली होती. तिथे गरम खड्यांवर सालीसकट भाजलेली रताळी ठेवलेली होती, याकिइमो. साल सोललं की आत मधासारखं पिवळं. तिने दोन खाल्ली, पुढच्या दुकानातून दूध घेतलं. उपास इतका छान कराडलाही होत नाही म्हणाली. तो फोटोही मी ग्रुपवर टाकला. त्यावर दादाचं उत्तर आलं नाही.

आता मुख्य गोष्ट. जपानला शाकाहारी माणूस नेत असाल तर एक रात्र कोयासानला काढाच, मग बाकी काही सुटलं तरी चालेल. ओसाकाच्या नांबा स्टेशनवरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून उभ्या चढाची केबल कार, मग बस. साधारण आठशे मीटर उंचीवरचं डोंगरातलं गाव आहे, शिंगोन या बौद्ध पंथाचं पीठ. कुकाई, ज्यांना कोबो दाईशी म्हणतात, त्यांनी ८१६ मध्ये ते सुरू केलं. पन्नासच्या आसपास देवळांमध्ये राहायची सोय आहे आणि जेवण मिळतं ते शोजिन र्योरी, म्हणजे भिक्षूंचं जेवण. मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. आईला हे सांगितलं तर तिला खरंच वाटेना.

आम्ही पोहोचलो तेव्हा बर्फ पडत होता. तिला हवा होता तो. संध्याकाळी लवकरच जेवण आलं, जमिनीवर, प्रत्येकासमोर लाखेचे लाल बुटके चौरंग. तिळाचं गोमादोफू, थंडीत गोठवून वाळवलेलं कोयादोफू (ते या डोंगरावरचंच, स्पंजासारखा रस धरून ठेवतं), शिजवलेला मुळा, तेंपुरा, लोणचं, भात, कोंबू आणि वाळवलेल्या अळंब्यांच्या पाण्याचं सार. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने काही न विचारता घास घेतला. भात दुसऱ्यांदा मागितला. मी तिच्या पानाकडे बघत राहिले आणि माझं जेवण गार झालं.

सकाळी सहाला प्रार्थना. मग त्या देवळात गोमा होता. समोर अग्नी, पुजारी समिधा एकेक करून टाकतोय, तेल घालतोय, धान्य घालतोय, आणि प्रत्येक मंत्र संपताना 'सोवाका'. आई माझ्या शेजारी डोळे मिटून बसलेली. तिसऱ्या-चौथ्या वेळी मला ऐकू आलं, ती त्यांच्याबरोबर हळू आवाजात 'स्वाहा' म्हणत होती. मी तिला काहीही सांगितलं नव्हतं. नंतर एका तरुण भिक्षूला फोनवर भाषांतर करून विचारलं. तो म्हणाला, गोमा म्हणजे तुमचा होमच, भारतातून चीनमार्गे आलेला, आणि सोवाका म्हणजे स्वाहा. बाराशे वर्षं परक्या जिभेवर राहूनही तो शब्द तिला ओळखू आला.

मग ओकुनोइन, तिथलं जुनं समाधिस्थान. देवदारासारखे प्रचंड, सुगी नावाचे वृक्ष आणि दोन लाखांहून जास्त समाध्या. पूर्ण वाट दोन किलोमीटरची आहे, आम्ही बसने पुढच्या थांब्यापर्यंत जाऊन निम्मीच चाललो. दगडांवर पाच थरांचे स्तूप दिसतात, चौकोन, गोल, त्रिकोण, अर्धचंद्र आणि वरचा मणी : पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. शेवटच्या पुलापलीकडे फोटो काढायचा नाही, टोपी काढायची. कुकाई ८३५ मध्ये तिथे समाधीत बसले आणि ते अजून ध्यानातच आहेत अशी श्रद्धा आहे. म्हणून रोज दोनदा, सकाळी सहाला आणि साडेदहाला, त्यांच्यासाठी जेवण नेतात. आम्ही साडेदहाचं पाहिलं. दोन भिक्षू लाकडी पेटी उचलून, पुढे एक जण, बर्फातून शांतपणे चाललेले.

"म्हणजे आत बसलेत अजून?" आईने विचारलं.

"असं मानतात."

"मग आपल्या माउलींसारखंच की." जेमतेम महिन्यापूर्वी ती आळंदीला जाऊन आली होती. लोकरीची टोपी हातात घेऊन ती तिथेच हात जोडून उभी राहिली, भिक्षू पेटी घेऊन परत येईपर्यंत. कान लाल झाले होते, मी टोपी घाल म्हटलं तरी ऐकेना.

बसथांब्यावर तिने स्वतः दादाला फोन लावला. भारतात तेव्हा सकाळचे साडेसात-पावणेआठ असतील. "अरे, जेवले. रात्री पण, सकाळी पण. कांदा-लसूण नाही यांच्यात. होम बघितला." दादा म्हणाला, जपून ये.

'जपानमध्ये तिचं काय आहे' याचं उत्तर मला तिथे मिळालं. नारा शहरातही तेच. तिथल्या तोदाइजी देवळातल्या महाबुद्धाचे डोळे ७५२ मध्ये, आपल्या प्राणप्रतिष्ठेसारख्या विधीत, बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने उघडले, हे कळल्यावर तिने हरणांकडून लक्ष काढलं आणि त्या मूर्तीकडे कितीतरी वेळ बघत राहिली. वय झालेल्या बाईला काय आवडेल हे धाकट्यांनी ठरवून टाकायचं आणि त्याला काळजी म्हणायचं, हे मला पटत नाही. बऱ्याचदा ती आपली सोय असते.

तुमचे बाकीचे प्रश्न. खर्चाचा आकडा देत नाही, हॉटेलांवर आणि तिकिटांच्या वेळेवर सगळं अवलंबून आहे. फक्त जेआर पास, म्हणजे परदेशी पाहुण्यांसाठीचा जपानी रेल्वेचा पास, डोळे मिटून घेऊ नका. सात दिवसांचा साधा पास २०२३ च्या ऑक्टोबरात २९,६५० येनवरून ५०,००० वर गेला. तोक्यो-क्योतो एकेरी बुलेट ट्रेन साधारण १४,००० ला पडते, म्हणजे एवढ्याशा प्रवासात तो वसूल होत नाही. २९ डिसेंबर ते ३ जानेवारी संग्रहालयं, छोटी हॉटेलं, बाजार बरेचसे बंद असतात. देवळं उघडी असतात, उलट गर्दी तिथेच. ते दिवस मोठ्या शहरात काढा.

थंडीसाठी : काइरो नावाची चिकटवायची गरम पाकिटं कुठल्याही दुकानात मिळतात, बनियनवर लावा, अंगावर नाही. ट्रेनच्या सीटखालून ऊब येते. यंत्रातून गरम चहाची बाटली मिळते. खरी थंडी पायाला लागते, कारण देवळात बूट काढून लाकडी फरशीवर चालायचं असतं. जाड लोकरी मोज्यांचे दोन-तीन जोड घ्या.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. आईचे गुडघे चांगले आहेत, ती रोज चालते. सासूबाईंना जमिनीवर बसता-उठता येत नसेल तर खुर्ची-पलंग असलेलं देऊळ विचारून घ्या, काही ठिकाणी मिळतं. कोयासानच्या खोल्यांची दारं कागदी, रात्र गारठ्याची. दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका. सुडोएफेड्रिनच्या सर्दीच्या गोळ्या तिथे बहुधा चालत नाहीत, डॉक्टरांकडून दुसरं काही घ्या. दशम्या, चटण्या, लोणचं चालतं. ताजी फळं, भाज्या, कडीपत्ता नको.

आणि दादाबद्दल हेही लिहायला हवं : बाबा गेल्यापासून आठ वर्षं आईचं दुखणंखुपणं त्यानेच पाहिलंय, रात्री-अपरात्री दवाखान्यात तोच नेतो. त्याची भीती खोटी नव्हती. पण तिला विचारायला हवं होतं, त्यानेही आणि मीही.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दिरांचं मत आहे, तुमचं आहे, मुलांच्या सुट्ट्याही आहेत. सासूबाई काय म्हणतात ते त्यात नाही. आज विचारा. त्या हो म्हणाल्या तर कोयासानची खोली आधी पक्की करा, बाकीचे दिवस तिच्याभोवती बसवा. दिरांना हे उत्तर दाखवायचं असेल तर दाखवा. माझा दादाही इथे वाचतो, त्याने वाचलं तरी चालेल.