जी.एस. व्हायचंय म्हणतेस…

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या मेसेजमध्ये तीन प्रश्न होते. कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीत कुठल्या पदासाठी उभी राहू, खर्च किती येईल, आणि ‘मॅडम, मी निवडून येईन का?’ तिसऱ्याचं उत्तर तुमच्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा एखादा मुलगा माझ्यापेक्षा नेमकं देईल. पहिल्या दोन्हींबद्दल लिहिते, पण त्याआधी एक काम कर. ऑफिसात जाऊन निवडणुकीच्या नियमावलीची प्रत माग. नोटीस बोर्डावरची एकपानी सूचना नव्हे, पूर्ण नियमावली. ‘ती साहेबांकडे आहे’ असं उत्तर मिळेल. मग अर्ज दे आणि आवक शिक्का मारलेली त्याची प्रत स्वतःकडे ठेव. उमेदवार म्हणून तुझा हा पहिला कागद.

नियम वाचायला रूक्ष असतात हे मला ठाऊक आहे. पण ते कशामुळे आले हे कळलं की प्रत्येक कलमामागे एखादं भांडण दिसायला लागतं. पूर्वी आपल्याकडे कॉलेजच्या निवडणुका खुल्या व्हायच्या. गाणी, घोषणा, गाड्या, आणि बऱ्याच ठिकाणी मारामाऱ्याही. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा निवडणुकीच्या वैरातून खून झाला. पुढे खुल्या निवडणुका बंदच पडल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेची पद्धत आणली. वर्गात पहिला येईल तो सी.आर., म्हणजे वर्गप्रतिनिधी, आणखी काही जण प्राचार्य नेमणार, आणि या मंडळींनी आपल्यातूनच एकाला सचिव, म्हणजे जी.एस., निवडायचं.

कागदावर हा मार्ग शांततेचा होता. प्रत्यक्षात झालं असं की मतदार मूठभर उरले, आणि मूठभर मतदार फोडायला सोपे. जी.एस.च्या निवडणुकीआधी सी.आर. लोक ‘सहलीला’ जायचे आणि मतदानाच्या सकाळी गाडीतून थेट कॉलेजच्या दारात उतरायचे. पळवापळवीच्या बातम्या पेपरात यायच्या. घरचे लोक काळजीने हैराण. पहिला नंबर काढण्यापलीकडे जिचा काही गुन्हा नव्हता, अशी एखादी मुलगी दोन गटांच्या ओढाताणीत सापडायची. निवडणूक बंद करून राजकारण बंद होतं असं म्हणणाऱ्यांना मी ही वर्षं आठवून पाहायला सांगते. दोन हजार मुलांना कोणी फार्महाऊसवर नेऊन ठेवू शकत नाही, वीस जणांना सहज नेतं.

म्हणूनच २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, जो १ मार्च २०१७ पासून लागू झाला, त्यातलं कलम ९९ मला महत्त्वाचं वाटतं. त्याने मत पुन्हा प्रत्येक पूर्णवेळ नियमित विद्यार्थ्याच्या हातात दिलं. २०१९ च्या पावसाळ्यात वेळापत्रकंही लागली होती, पण विधानसभेची निवडणूक तोंडावर आल्याने सगळं पुढे ढकललं गेलं आणि पाठोपाठ कोरोना आला. त्यामुळे तुझ्या आधीच्या कितीतरी बॅचेस कॉलेजची मतपेटी न बघताच पदवी घेऊन गेल्या. तुला विचारायला अनुभवी सीनियर सापडत नाहीत त्याचं कारण हेच. तुझ्या मैत्रिणींना वाटतं तसं, मुलांना रस नाही म्हणून नव्हे.

आता पदं. कलम ९९ प्रमाणे कॉलेजच्या परिषदेत सगळ्या विद्यार्थ्यांनी निवडायची चार पदं आहेत: अध्यक्ष, सचिव, एक विद्यार्थिनी प्रतिनिधी, आणि मागास प्रवर्गांतून आळीपाळीने येणारा एक प्रतिनिधी. शिवाय प्रत्येक वर्ग आपला वर्गप्रतिनिधी निवडतो. म्हणजे एका विद्यार्थ्याची पाच मतं. प्रचारात हे मुलांना समजावून सांगावं लागेल, कारण पहिल्या वर्षाच्या निम्म्या मुलांना वाटतं की आपल्याला एकच मत आहे आणि ते सी.आर.ला दिलं की झालं. एन.एस.एस., एन.सी.सी., खेळ आणि सांस्कृतिक विभागातून प्रत्येकी एक विद्यार्थी प्राचार्य नेमतात. ते निवडून आलेले नसले तरी त्यांना पाहुणे समजू नकोस. कॉलेजात माणसं जमवायची ताकद बहुतेकदा त्यांच्याकडेच असते.

तू लिहिलंस की ‘सगळे म्हणतात, मुलींसाठी एल.आर. आहेच की, तिथे उभी राहा.’ हे ऐकू नकोस. एल.आर.ची, म्हणजे विद्यार्थिनी प्रतिनिधीची, जागा मुली अगदीच वगळल्या जाऊ नयेत म्हणून ठेवलेली आहे. बाकीची पदं मुलांची, असा तिचा अर्थ काढायला कायद्यात काही आधार नाही. राखीव जागेचंही तेच, त्या प्रवर्गातला विद्यार्थी अध्यक्षपदाला खुशाल उभा राहू शकतो. एल.आर. व्हायचं असेल तर ते काम आवडतं म्हणून हो. वसतिगृहाची वेळ, मुलींच्या कॉमन रूमची दुरवस्था, अंतर्गत तक्रार समितीचं नाव आणि फोन नंबर भिंतीवर लावलेला आहे की नाही, अशी कामं आहेत तिथे, आणि ती मोठी आहेत. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा त्या समितीत निवडलेले तीन विद्यार्थी बसायला हवेत. तुमच्या कॉलेजात ते कोण आहेत, विचारून बघ. बहुतेक ठिकाणी या प्रश्नावर आधी शांतता पसरते, मग फाईल शोधली जाते.

तुझ्यासाठी माझं मत मात्र सचिवपदाचं आहे. अध्यक्षाला स्नेहसंमेलनात पाहुण्यांशेजारची खुर्ची मिळते, फोटो येतो, भाषण करता येतं. सचिव बैठकीची सूचना काढतो, विषयपत्रिका लिहितो, गणपूर्ती, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, झाली की नाही मोजतो आणि इतिवृत्त ठेवतो. यातलं इतिवृत्त सर्वांत वजनदार. बैठकीत सगळे जोरजोरात बोलतात, महिन्याने कोणालाच काही आठवत नाही, आणि वहीत जे लिहिलेलं असतं तेच घडलेलं ठरतं. ‘ग्रंथालयाची वेळ वाढवण्यावर चर्चा झाली’ असं वाक्य लिहिणारा सचिव निरुपयोगी. ‘परीक्षेच्या महिन्यात ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडं ठेवावं असं ठरलं. प्राचार्यांना पत्र सचिव देतील, पुढच्या बैठकीत उत्तर मांडतील’ असं लिहिलं की कोणीतरी बांधला जातो. तुझी भाषा स्वच्छ आहे आणि तू वेळेवर येतेस. वक्तृत्व स्पर्धेच्या ढालीपेक्षा इथे या दोन गोष्टी जास्त कामाच्या.

आणि एक जागा अशी आहे जिच्याबद्दल उमेदवारच काय, निवडून आलेलेही विचारत नाहीत. त्याच कायद्याचं कलम ९७ बघ. प्रत्येक कॉलेजला महाविद्यालय विकास समिती असते आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव दोघेही तिचे सदस्य असतात. वर्षातून किमान चार वेळा ही समिती भरली पाहिजे. कॉलेजचं अंदाजपत्रक तिथे येतं. संस्थेचे पदाधिकारी, प्राचार्य, शिक्षकांचे प्रतिनिधी आणि तुम्ही दोघं, एकाच टेबलाभोवती. वर्षभर कॅन्टीनच्या पायरीवर ज्यावर चर्चा होते, ते बाथरूमचे नळ, प्रयोगशाळेतली बंद उपकरणं, जिमखान्याची फी नक्की कुठे जाते, हे सगळं तिथे विचारता येतं, आणि विचारलेलं नोंदवलं जातं. अट एवढीच की बैठकीचं पत्र तुला मिळायला हवं आणि तू कागद वाचून जायला हवीस. चहा-बिस्किटं खाऊन सही करून येणारे विद्यार्थी सदस्य पुष्कळ होऊन गेले. मला विचारशील तर परिषदेच्या निवडणुकीतलं खरं बक्षीस ही खुर्ची आहे, गॅदरिंगचं स्टेज नव्हे. तुझ्या जाहीरनाम्यात मला हाच मुद्दा सर्वांत वर दिसायला हवा.

या चार पदांत खजिनदार नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? परिषदेचे पैसे कॉलेजच्या हिशेबातून जातात, व्हाउचरवर सही मोठ्यांची होते. तरी मंडपवाल्याशी, साउंडवाल्याशी बोलणी तुम्हीच करणार. तोंडी भाव ठरवू नकोस. तीन कोटेशनं घे, आणि वर्गणी म्हणून कोणी रोख पैसे हातात ठेवले तर पावती पुस्तकाशिवाय एक रुपया घेऊ नकोस. मित्राच्या काकांचा मंडप असला तरी.

खर्चाचं विचारलंस. निवृत्त मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६ मध्ये अहवाल दिला आणि त्याच सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या शिफारशी देशभर लागू करायला सांगितल्या. त्यात उमेदवारामागे कमाल ५,००० रुपये आहेत, आणि निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यायचा आहे. छापील पोस्टर चालत नाही, हाताने केलेलंच, तेही ठरलेल्या जागी. लाउडस्पीकर नाही, गाड्या नाहीत, राजकीय पक्षाचा पैसा नाही. ही मर्यादा फार कमी आहे अशी ओरड दरवर्षी होते. मला ती ओरड पटत नाही. कार्डशीट, मार्कर आणि झेरॉक्स यांना किती लागतात? पाच हजार संपत असतील तर मतं विकत घेणं सुरू झालंय, वडापावच्या रूपात का होईना. तुझ्या गल्लीतल्या कोणा उत्साही दादाने ‘भावी सचिव’ म्हणून चौकात फ्लेक्स लावला, तर त्याच दिवशी तो उतरवायला सांग आणि निवडणूक अधिकाऱ्यांना लेखी कळव. शुभेच्छुकांच्या हौसेपायी हरकत तुझ्या अर्जावर येईल.

त्याच शिफारशींतली पात्रता वाच. पदवीच्या विद्यार्थ्यासाठी वय १७ ते २२. हजेरी विद्यापीठाने ठरवलेली किंवा ७५ टक्के, यातली जी जास्त असेल ती. ज्या वर्षी उभं राहायचं त्या वर्षी विषय राहिलेला नको, म्हणजे एटीकेटी असेल तर विसर. फौजदारी खटला किंवा विद्यापीठाची शिस्तभंगाची कारवाई झालेली नको. आणि सगळ्यांत दुर्लक्षित अट: पदाधिकारी म्हणून उभं राहायची संधी एकदाच, कार्यकारिणी सदस्य म्हणून दोनदा. तू दुसऱ्या वर्षाला आहेस. हरलीस तर तिसऱ्या वर्षी पुन्हा सचिवपदाला उभं राहता येईल असं धरून चालू नकोस. यंदा सी.आर. होऊन परिषद आतून बघावी आणि पुढच्या वर्षी सचिवपद मागावं, हाही मार्ग आहे, आणि तो काही भित्रेपणा नाही. दोन्ही बाजू तुझ्यासमोर ठेवल्या. ठरवायचं तू.

प्रचाराबद्दल फार सांगत नाही, तुझ्या पिढीला व्हॉट्सॲप माझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त एक, एसटीने येणारी मुलं साडेबाराच्या गाडीला पळतात. त्यांना भेटायचं तर स्टँडवर नाही, सकाळच्या पहिल्या तासाआधी भेट. आणि परिषदेच्या हातात नसलेलं वचन देऊ नकोस. परीक्षेचं वेळापत्रक विद्यापीठ ठरवतं, तुझी परिषद नाही.

मोजणीच्या दिवशी तुझा प्रतिनिधी म्हणून सर्वांत लाडकी मैत्रीण बसवू नकोस, सर्वांत चिवट मैत्रीण बसव. पेटी उघडण्याआधी रिकामी दाखवली का, मतपत्रिका किती छापल्या, किती वापरल्या, किती उरल्या, बाद मतं कोणत्या कारणाने बाद केली, हे तिने लिहून घ्यायचं. फेरमोजणी मागायची असेल तर निकालाच्या कागदावर सही करण्याआधी. तक्रार असेल तर तक्रार निवारण कक्षाकडे लेखी द्यायची, निकालापासून तीन आठवड्यांच्या आत, आणि त्यात ‘घोळ झाला’ असं मोघम न लिहिता कुठे, किती वाजता, कोणासमोर ते लिहायचं. इन्स्टाग्रामवर टाकलेली स्टोरी म्हणजे तक्रार नव्हे. चोवीस तासांत ती गायब होते, आणि कक्षाच्या फाइलीत ती नसतेच.

अर्ज शेवटच्या दिवशी भरू नकोस. नाव हजेरीपटावर आहे तसंच लिही, आधार कार्डावर वेगळं असलं तरी. सूचक आणि अनुमोदक दोघांचीही नावं कच्च्या मतदार यादीत आहेत ना, हे स्वतः डोळ्यांनी बघ. छाननीत सगळ्यात जास्त अर्ज इथेच उडतात. हजेरीचा दाखला मिळायला ऑफिसात दोन दिवस लागतात, तेव्हा त्या दाखल्यासाठी उद्याच अर्ज टाक. भरलेल्या उमेदवारी अर्जाचा फोटो मला शुक्रवारपर्यंत पाठव, मी चष्मा लावून वाचते.

तुझी,
मॅडम