हम पन्नासचा की शंभरचा: घरी बनवलेल्या हेडफोन ॲम्पमधली ग्राउंडची भुणभुण

प्रश्न थोडक्यात असा: एनई 5532 हा ऑप-ॲम्प आयसी आणि त्यापुढे बीडी 139/140 ट्रान्झिस्टरचा बफर (हेडफोनला करंट पुरवणारा टप्पा), 12-0-12 चा, म्हणजे मध्ये सेंटर टॅप असलेला, एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, 7812/7912 हे प्लस-मायनस 12 व्होल्टचे रेग्युलेटर, सगळं झिरो पीसीबीवर (भोकांच्या तयार बोर्डवर) आणि ॲल्युमिनियमच्या डब्यात. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही कानात भुणभुण (हम) येते, पीसी जोडला की वाढते. फिल्टर कपॅसिटर 2200 चे काढून 4700 मायक्रोफॅरडचे टाकले, तर आवाज कमी व्हायच्या ऐवजी जरा कर्कशच झाला.

हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. दोष रिपलचा (डीसीत उरलेल्या चढउताराचा) असता तर मोठ्या कपॅसिटरने थोडा तरी फरक पडला असता. कपॅसिटर वाढवल्यावर रिपल कमी होतं, पण चार्जिंगचे झटके अरुंद आणि उंच होतात. आवाज कर्कश झाला याचा अर्थ ते झटके तुमच्या सिग्नल ग्राउंडच्या तारेतून जातायत. आता 10,000 चा कपॅसिटर घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊ नका.

आधी आवाज ओळखा. जुन्या ट्यूबलाइटचा चोक गुणगुणतो तो आवाज 100 हर्ट्झचा. तसा, कर्कश धार असलेला आवाज असेल तर रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडच्या) बाजूला बघायचं. त्याच्या खालच्या सप्तकातला, मऊ, घुमणारा हम 50 चा. तो ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा किंवा पीसीबरोबरच्या अर्थ लूपचा (ॲम्प आणि पीसीचं ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेल्याने बनलेल्या वेटोळ्याचा). मग इनपुटच्या आरसीए सॉकेटांमधून सगळं काढा, आतल्या पिना बाहेरच्या कडीशी शॉर्ट करा आणि ऐका. तरीही भुणभुण आहे, म्हणजे दोष डब्याच्या आत आहे. ती गेली आणि बॅटरीवरच्या मोबाइलवरही शांत आहे, पण पीसीवर येते, तर लूप. तुमच्याकडे दोन्ही दिसतायत, म्हणून आधी आतलं निस्तरा. दोन्हीकडे एकदम हात घातलात तर कशाने काय सुधारलं ते कळणार नाही.

ॲम्प सरासरी 100 मिलिअँपिअर घेत असला तरी कपॅसिटर दर 10 मिलिसेकंदातले दोन-तीन मिलिसेकंदच भरतात, म्हणून झटका अर्ध्या ते एक अँपिअरपर्यंत जातो. सेंटर टॅप आणि ब्रिज (चार डायोडचा रेक्टिफायर) अशा जोडणीत प्लस आणि मायनसचे कपॅसिटर एकाच वेळी भरतात. दोन्ही बाजूंचा लोड सारखा असेल तर सेंटर टॅपच्या तारेत फारसं काही वाहत नाही; झटका वाहतो तो दोन कपॅसिटरना जोडणाऱ्या ग्राउंडच्या तुकड्यातून. झिरो पीसीबीवर हा तुकडा बहुतेकदा तीन-चार सेंटिमीटरची बारीक तार असते, रोध साधारण 7 मिलिओहम. अर्ध्या अँपिअरला त्यावर साडेतीन मिलिव्होल्ट पडतात. इनपुटचं ग्राउंड एका कपॅसिटरच्या पायावरून आणि हेडफोनची परत येणारी तार दुसऱ्याच्या पायावरून घेतली, की हे साडेतीन मिलिव्होल्ट थेट मार्गात आले. फीडबॅकच्या रेझिस्टरचं खालचं टोकही चुकीच्या जागी असेल तर वर ते गेनने (ॲम्प सिग्नल जितक्या पट वाढवतो त्याने) गुणले जातात.

साडेतीन मिलिव्होल्ट किरकोळ वाटतात, पण 16 ओहमच्या, मिलिवॅटला 100 डीबी देणाऱ्या इअरफोनला एक मिलिवॅटसाठी 126 मिलिव्होल्टच लागतात. म्हणजे एक मिलिव्होल्टचा हमसुद्धा 58 डीबीच्या आसपास भरतो. तितक्याच संवेदनशील 300 ओहमच्या हेडफोनवर तोच हम 13 डीबीने खाली जातो, म्हणून ‘मित्राच्या हेडफोनवर ऐकू येत नाही’ हा पुरावा धरू नका.

उपाय सोल्डरिंगचा आहे, खर्चाचा नाही. दोन्ही कपॅसिटरचे ग्राउंडचे पाय शक्य तितके जवळ आणा, मध्ये जाड तांब्याची तार टाका आणि सेंटर टॅप तिच्या मधोमध जोडा. तिथूनच दीड-दोन सेंटिमीटरचा एक फाटा बाहेर काढा. त्याचं टोक तुमचा स्टार, म्हणजे सगळी ग्राउंड एकत्र येण्याचा बिंदू. स्टार त्या जाड तारेवरच करायचा मोह होतो, तो टाळा, ती झटक्यांची वाट आहे. स्टारवर वेगवेगळ्या तारा येतील: 7812 आणि 7912 चं ग्राउंड, हेडफोन जॅकची परत येणारी तार (0.5 चौरस मिलिमीटरची, कारण गाण्याचा करंट तिच्यातून परतणार) आणि सिग्नल ग्राउंड. सिग्नल ग्राउंडच्या त्या एका तारेच्या टोकाला पॉटचं (व्हॉल्यूमच्या कंट्रोलचं) खालचं टोक, इनपुटचं शील्ड आणि दोन्ही चॅनेलच्या फीडबॅक रेझिस्टरचे ग्राउंड पाय, सगळे एका ठिकाणी. आयसीजवळच्या 100 नॅनोफॅरडच्या कपॅसिटरचं ग्राउंड मात्र या टोळक्यात नको, त्याला स्टारपर्यंत स्वतःची तार द्या.

आता एक चोरवाट. 7812 चा धातूचा टॅब आतून ग्राउंडला असतो. तो वीज अडवणारी अभ्रकाची चकती न घालता डब्याला स्क्रूने कसला, की ग्राउंड तिथे डब्याला जोडलं गेलं. 6.35 मिलिमीटरच्या हेडफोन जॅकची धातूची नळी पुढच्या पॅनेलला टेकली की दुसरं जोड. आरसीएची कडी मागच्या पॅनेलला, तिसरं. तुम्ही काढलेला सुंदर स्टार कागदावरच राहतो. (7912 चा टॅब ग्राउंड नसतो, निगेटिव्ह इनपुट असतो, तिथे अभ्रक विसरला तर प्रश्न भुणभुणीचा उरत नाही, धुराचा होतो.) दोन्ही रेग्युलेटरना अभ्रक आणि प्लास्टिकचं बुशिंग, आरसीएला प्लास्टिकचे वॉशर आणि जॅक पूर्ण प्लास्टिक बॉडीचा घ्या. पॉटची बॉडी उलट डब्याला नीट टेकलेली हवी. दांड्याला बोट लावल्यावर आवाज बदलत असेल तर ती अधांतरी आहे.

50 चा हम राहिला तर ट्रान्सफॉर्मर. ॲल्युमिनियम 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. त्याला इनपुटपासून 12-15 सेंटिमीटर दूर न्या, आणि जागेवरच अक्षाभोवती 30-40 अंश फिरवून बघा. एखाद्या कोनात हम जवळजवळ गायब होतो. प्रत्येक वेळी प्लग काढूनच हात लावा. प्रायमरीला 250 मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज आणि सगळ्या जोडांवर स्लीव्ह नसेल, तर आधी ते करा.

पीसीचं. बऱ्याच जणांचा ‘रामबाण’ म्हणजे तीन पिनी प्लगची अर्थची पिन कापणे. धातूच्या डब्यात 230 व्होल्ट असताना हे करू नका. आवाज गेलाही, तरी ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटलं की लाइव्ह झालेला डबा तुमच्या हातात आहे. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत तिसरं भोक कधी कधी नुसतंच शोभेचं असतं. तिथे पीसीच्या एसएमपीएसमधल्या (वीजपुरवठ्याच्या डबीतल्या) वाय कपॅसिटरमुळे (मेन्स आणि डबा यांच्यामध्ये बसवलेल्या) पीसीचा डबा मेन्सच्या अर्ध्यावर तरंगतो, बोट लावलं की झिणझिण्या येतात, आणि तोच गळतीचा करंट आरसीएच्या शील्डमधून तुमच्या ॲम्पमध्ये येतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. त्याआधी लूपवर केलेली मेहनत फुकट.

अर्थिंग नीट असेल तर हिरवी-पिवळी तार लगच्या साहाय्याने डब्याला थेट बोल्टने कसा. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम वीज वाहत नाही, त्यामुळे ती जागा खरवडा, दातेरी वॉशर घाला आणि मुंबईच्या खाऱ्या हवेसाठी वरून थोडं व्हॅसलिन चोपडा. मग स्टार आणि डबा यांच्यामध्ये 10 ओहमचा रेझिस्टर, त्याला समांतर 100 नॅनोफॅरड आणि 25 अँपिअरचा ब्रिज. ब्रिजची प्लस-मायनस टोकं शॉर्ट करून स्टारला, दोन्ही एसी टोकं शॉर्ट करून डब्याला. लूपचा बारीक करंट 10 ओहमवर अडतो. काही बिघडून मोठा करंट आला तर डायोड त्याला अर्थकडे वाट देतात.

गेनही बघा. इंटरनेटवरच्या बऱ्याच सर्किटांत तो 11 असतो. पीसीचं आउटपुट एक-दीड व्होल्टचं असेल तर 3 पुरतो: फीडबॅकला 2 के, ग्राउंडला 1 के. इनपुटवर शिरलेलं सगळं त्याने 11 डीबीने उतरतं.

शेवटी प्लग आणि सगळ्या केबली काढून मीटर ओहमवर ठेवा. एक प्रोब आरसीएच्या कडीला, दुसरा डब्याला. 10 ओहमच्या आसपास दाखवायला हवं. शून्य दाखवत असेल तर जॅक, टॅब किंवा एखाद्या स्क्रूखाली दबलेली तार, कुठेतरी अजून टेकतंय. एकेक सोडवत जा आणि आकडा 10 वर येईल तिथे थांबा.