‘द ऑफिस’चा नाताळचा कोणता भाग आधी बघावा?

‘द ऑफिस’ या एका कार्यालयावरच्या अमेरिकन विनोदी मालिकेत नाताळचे भाग बरेच आहेत, पण आधी डोळे झाकून ‘ख्रिसमस पार्टी’ लावा. दुसरा सीझन, डिसेंबर २००५. चिठ्ठ्या काढून ज्याचं नाव येईल त्याला भेट द्यायची, मर्यादा २० डॉलर. बॉस मायकल मात्र ऑफिसातल्या रायनसाठी ४०० डॉलरचा आयपॉड आणतो. स्वतःला मिळतो सहकारी फिलिसने हाताने विणलेला ओव्हनचा हातमोजा! लगेच तोंड पाडून तो सगळ्यांना भेटींची अदलाबदल करायला लावतो. पॅमवर मनातून प्रेम करणाऱ्या जिमने तिच्यासाठी इतक्या जिव्हाळ्याने छोट्या भेटींनी भरलेली चहाची किटली त्यात दुसरा सहकारी ड्वाइट याच्याकडे जाते. पॅम शेवटी आयपॉड देऊन ती परत मिळवते, पण आत तिच्यासाठी ठेवलेली चिठ्ठी जिम हळूच काढून घेतो. फार लागतं ते. पहिला सीझन आधी बघितलात तर आणखी भिडेल.