सायलेन्सर बदलला आणि फटाके सुरू झाले

प्रश्न : काका, माझ्याकडे २०२१ची रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० आहे. दिवाळीत दोन्ही सायलेन्सर बदलून आखूड फ्री-फ्लो घातले आणि धुता येणारा कॉटनचा एअर फिल्टर टाकला. आवाज झकास आहे, पण थ्रॉटल सोडला की मागे फटाके वाजतात. ऐरोली-मुलुंड पुलावर पन्नासच्या स्पीडला एकसारखी चालवली की बारीक झटके देते. गायमुखच्या चढाला पूर्वीची ओढही राहिलेली नाही. मित्र म्हणतो, बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेव, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आपोआप शिकेल. गॅरेजवाला म्हणतो, ओटू (ऑक्सिजन) सेन्सर काढू आणि पिगीबॅक (पेट्रोल वाढवणारी वेगळी पेटी) बसवू. कोणाचं ऐकू? (नाव छापू नये, ऐरोली)

उत्तर : अरे बाबा, दोघांनीही गाडीला हात न लावता औषध सांगितलंय. मीही पत्रावरूनच सांगतोय म्हणा, पण निदान आधी काय तपासायचं ते तरी सांगतो.

फटाक्यांपासून सुरू करू. तू थ्रॉटल मिटलास की इंजिनात आग नीट लागत नाही, थोडं कच्चं पेट्रोल तसंच पाइपात जातं. पाइप तापलेला असतो. तिथे ताजी हवा मिळाली की ते पेटतं आणि फट् होतं. मूळ सायलेन्सरमध्येही हे अधूनमधून होत असणार, पण त्याच्या पोटात इतके पडदे असतात की तुझ्या कानापर्यंत पोचत नव्हतं. तेव्हा गिअर उतरवताना एखाददुसरं बारीक फट् झालं तर त्याला आजार समजू नकोस. दर वेळी लवंगी माळ लागत असेल, तर मात्र हवा कुठून शिरते ते शोधायचं. बऱ्याच बीएस-६ गाड्यांमध्ये प्रदूषण कमी करायला एक्झॉस्ट पोर्टमध्ये मुद्दाम हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो, ती एक वाट. दुसरी वाट म्हणजे जोड. तू जिथे नुकताच पाना चालवलास, संशय आधी तिथेच घ्यायचा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. वागळे इस्टेटमध्ये गाळा घेतला त्याच्या दुसऱ्या वर्षी एक सिंगल सिलिंडरची गाडी आली, तक्रार तुझीच. मी लॅपटॉप जोडला आणि तीन दिवस मॅपमधले, म्हणजे कधी किती पेट्रोल द्यायचं त्या तक्त्यातले, आकडे खालीवर करत बसलो. सकाळी बरी वाटायची, संध्याकाळी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी वैतागून घरचा व्हॅक्यूम क्लीनर आणला. आमच्याकडे तो दिवाळीपुरताच माळ्यावरून उतरतो, त्यामुळे बायकोनं विचारलंच, ‘आता गाडीला पण झाडणार का?’ पाइप ब्लोअरच्या तोंडाला लावला, दुसरं टोक चिंधी गुंडाळून सायलेन्सरमध्ये खुपसलं आणि थंड इंजिनावर साबणाचं पाणी फवारलं. बेंड पाइप, म्हणजे इंजिनातून निघणारा वाकडा पाइप, हेडला जिथे बसतो, तिथे खालच्या बाजूला, आरशाशिवाय दिसणार नाही अशा जागी, टपोरे बुडबुडे यायला लागले. जुनं पॅकिंग आत चिकटून राहिलं होतं आणि मी शहाण्यानं त्याच्यावरच नवं ठोकलं होतं. दोन्ही खरवडून एकच घातलं, नट सारखे आवळले, आणि तीन दिवसांचे माझे सगळे आकडे पुसून मूळ मॅप परत टाकला. गाडी गुमान चालली.

मॅप बदलून काही होईना, याचं कारण समजून घे. ओटू सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरात उरलेला प्राणवायू ओळखतो. सेन्सरच्या आधीच्या फटीतून बाहेरची हवा शिरली की त्याला प्राणवायू जास्त दिसतो, तो ‘लीन, लीन’, म्हणजे पेट्रोल कमी, म्हणून ओरडतो आणि ईसीयू इमानदारीनं पेट्रोल वाढवतो. म्हणजे गाडी खरं तर रिच (पेट्रोल जास्त) आणि कागदावर लीन. तुझ्या गाडीला दोन बेंड पाइप आहेत, दोन्हीकडे स्वतंत्र सेन्सर. एकाच बाजूला गळती असेल तर एक सिलिंडर ओला, दुसरा कोरडा. मग पन्नासला झटके येणार नाहीत तर काय होईल? तू फक्त मागचे सायलेन्सर बदललेस असं लिहिलंयस, पण ते घालताना बेंड पाइप हलले असतील तर हेडकडचे जोडही बघ.

आता बाकीच्यांचं. बॅटरीची वायर काढल्यानं फार तर ईसीयूनं शिकलेली किरकोळ दुरुस्ती पुसली जाते, काही गाड्यांत तीही नाही. आतला मूळ मॅप तसाच राहतो.

सेन्सर काढण्याचं थोडं सविस्तर सांगावं लागेल. एकसारख्या थ्रॉटलवर ईसीयू सेन्सरचं ऐकून चालतो. सेन्सरचा व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ मध्ये झुलत राहतो आणि ईसीयू त्यावरून मिश्रण लॅम्डा १च्या आसपास, म्हणजे हवा आणि पेट्रोल बरोबर जुळेल तिथे, धरून ठेवतो. निव्वळ पेट्रोलच्या भाषेत १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. इथे तू सायलेन्सर बदल नाहीतर फिल्टर, आवाक्यातला फरक तो भरून काढतो. थ्रॉटल पूर्ण पिळलास की मात्र तो सेन्सरकडे बघत नाही, मॅपमधला आकडा उचलतो, आणि तो आकडा कंपनीच्या फिल्टर-सायलेन्सरवर काढलेला असतो. खरी तूट पडते ती तिथे. साध्या स्लिप-ऑनला, म्हणजे फक्त मागचा सायलेन्सर बदलला तर, ती बहुतेक वेळा इतकी थोडी असते की पिगीबॅकच्या पेटीची गरज पडत नाही. फिल्टर बदलून वर एअरबॉक्सचं (फिल्टरच्या डब्याचं) झाकणही कापलं असेल तर गोष्ट वेगळी. कापलंयस का, ते तू लिहिलेलं नाहीस. मला शंका आहे.

पिगीबॅक मी बसवतो, त्यावर माझं घर चालतं, म्हणून मोकळेपणानं सांगतो. इंजेक्टरच्या वायरमध्ये बसून पेट्रोल वाढवणारी पेटी सेन्सर चालू ठेवून लावली, तर पुलावर पेटी वाढवते आणि ईसीयू कापतो, अशी रस्सीखेच चालते. कापायची सवय ईसीयू लक्षात ठेवतो, आणि पुढे पूर्ण थ्रॉटलला, जिथे पेट्रोल हवं असतं, तिथेही तीच कात्री लावू शकतो. म्हणून गॅरेजवाले सेन्सरच काढायला सांगतात. झटके जातात हे खरं. पण मग लहान थ्रॉटलला गाडी कोणीतरी भरलेल्या आकड्यावर अंदाजानं चालते, मायलेज पडतं, जास्त पेट्रोलनं धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजतो आणि पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) दिसतो. त्यापेक्षा सेन्सरला धरून, त्याचंच लक्ष्य जरासं रिचकडे सरकवणारी पेटी बरी. रोज ऐरोली-ठाणे करणाऱ्याला माझ्या मते तेवढं पुरतं.

पेटी घेतलीसच, तर ‘तुमच्या गाडीचा मॅप तयार आहे’ या शब्दावर जाऊ नकोस. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) वाइडबँड, म्हणजे मिश्रण नेमकं मोजणारा, सेन्सर लावून घे, आणि आधी आहे त्या स्थितीतला एक रन काढायला लाव, नाहीतर काय वाढलं ते कळणार कसं? मेमधला आलेख जानेवारीतल्या आलेखाशी ताडू नकोस, थंड हवा दाट असते. ट्यूनरला आकडे लॅम्डात मागायचे, एएफआरमध्ये (हवा-पेट्रोलच्या प्रमाणात) नाही. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, त्याचं संतुलन १४.७ला नसून साधारण १३.५ला येतं. मीटर कुठल्या पट्टीवर आहे ते न बघता ‘तेरा आलं, मस्त रिच आहे’ म्हणणाऱ्याला तुझ्या गाडीचं काही कळलेलं नाही. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.८७ ते ०.९० (१च्या खाली म्हणजे रिच) असेल तर मी गप्प बसतो. इंजिन हवा आणि तेलावर थंड होतं, घोडबंदरला कासारवडवलीच्या गर्दीत अडकतं, तिथे मी लीनकडे झुकत नाही.

ओढीचं मात्र दुःख आहे. या इंजिनाचा ५२ न्यूटन मीटरचा टॉर्क सव्वापाच हजारांवर येतो. गायमुखला तू तीन हजारांवर असतोस, तिथे लांब पाइप आणि बंद एअरबॉक्स मदत करतात. आखूड पाइपानं ती मदत गेली असेल तर पेटी ती सगळी परत आणणार नाही. एक गिअर उतर, किंवा एक शनिवार जुने सायलेन्सर चढवून त्याच चढाला जाऊन बघ. कान फसवतो, आवाज वाढला की ताकद वाढली असं वाटतं.

फिल्टर काढलायस तर तेलही बघ. नव्या कॉटनच्या फिल्टरला लोक पुरणपोळीला तूप सोडावं तसं तेल सोडतात. मेट्रोच्या कामापासून घोडबंदरला धूळ आहे हे खरं, पण म्हणून फिल्टर थबथबून टाकायचा नसतो.

प्रश्न : खारघरहून लिहिते आहे. दोन महिन्यांपूर्वी सेकंड हँड गाडी घेतली. सायलेन्सर कंपनीचाच आहे, तरी पेट्रोलचा वास येतो, टोकाला काजळी साचते आणि मायलेज २२ मिळतं. सीटखाली एक छोटी काळी पेटी दिसली, तिच्यातून वायरी इंजेक्टरकडे जातात. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, राहू द्या.

उत्तर : ताई, राहू देऊ नका. आधीच्या मालकानं विकताना कंपनीचा सायलेन्सर परत चढवला आणि पेटी विसरला, असं माझ्याकडे वर्षातून दोन-तीनदा येतं. गाडी अजून त्या काढून टाकलेल्या सायलेन्सरच्या हिशेबानं पेट्रोल पिते आहे. पेटीचे कपलर मूळ वायरिंगच्या मध्ये बसवलेले असतात. ते काढून मूळ कपलर एकमेकांत लावा, इग्निशन बंद ठेवून. ओटू सेन्सरच्या जागी एखादा नुसता प्लग टोचलाय का तेही बघा, असेल तर नवा सेन्सर घ्यावा लागेल. तेलाची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर तेल बदलल्याशिवाय पाम बीचला नेऊ नका. पेटी टाकू मात्र नका, तिच्यावरचा स्टिकर बघून गिऱ्हाईक मिळेल.