दुर्बिणीने पित्ताशय काढल्यावर टाक्यांपेक्षा खांदा जास्त का दुखतो? गोळ्या कितपत घ्याव्यात?

खांदा गॅसमुळे दुखतो. ऑपरेशनला पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, थोडा आत राहून श्वासपटलाला, म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्याला, त्रास देतो. त्या पडद्याची नस मानेतून निघते, म्हणून कळ खांद्यात. दोन-तीन दिवसांत जाते. झालं. पण ‘कितपत घ्याव्यात’ वाचून माझं डोकं तापलं.

माझं ऑपरेशन धुळ्याला झालं, ऐन मे महिन्यात. अमळनेरला घरी आले तर मदतीला पारोळ्याच्या नणंदबाई हजर. मला बघून पहिलं वाक्य, “चारच त भोके पाड्यात, काय कण्हस व?” गोळ्यांनी किडनी जाते म्हणून पिशवी देवघराच्या वरच्या फळीवर. माझा तर हात खांद्याच्या वर जात नव्हता. अगदीच रडकुंडीला आले की एक गोळी मिळायची, प्रसादासारखी. तोवर मी अर्धाच श्वास घेतेय, खोकला दाबतेय, उठायचं नावच नाही. आणि पडून राहिलं की पोटही साफ होत नाही, छातीत कफ धरतो तो वेगळाच. संध्याकाळी मुलाकडून पिशवी उतरवून घेतली, मोबाइलला दर सहा तासांचा गजर लावला. लिहून दिलेली पॅरासिटामॉल वेळेवर, दुखो न दुखो. दुसऱ्या दिवशी अंगणात फेऱ्या मारत होते. नणंदबाई ओट्यावरून बघत होत्या, बोलल्या काहीच नाहीत.

ठणका चढल्यावर गोळी घेऊन तो लवकर उतरत नाही. सुरुवातीचे दिवस घड्याळ बघूनच घ्या. खोकताना पोटावर उशी दाबा, उठताना आधी कुशीवर वळा, खांद्याला गरम पाण्याची पिशवी. बाईमाणसाने सोसायचं असतं वगैरे ऐकूच नका.

हां, पॅरासिटामॉल दिवसाला चार ग्रॅमच्या वर नाही, म्हणजे ५०० च्या आठ गोळ्या. वजन कमी किंवा लिव्हर नाजूक असेल तर त्याहून कमी, डॉक्टर सांगतील तेवढीच. सर्दीच्या गोळीतही तीच असते, तीही मोजा. डायक्लोफिनॅक ही दुसरी दुखण्याची गोळी मात्र किडनी किंवा अल्सरवाल्यांनी विचारल्याशिवाय नाही, तेवढ्यापुरतं नणंदबाईंचं खरं. ताप, डोळे पिवळे, पोट कडक, धाप, किंवा दुखणं दिवसेंदिवस वाढतंय असं झालं तर गोळी घेत बसू नका, दवाखाना गाठा.

आणि घरात कुणी पिशवी लपवत असेल तर डिस्चार्ज कार्ड मोठ्याने वाचून दाखवा. माझ्या कार्डावर वेळा लिहिल्या होत्या, नणंदेची परवानगी कुठेच नव्हती.