मुंबईहून हिमाचलमधल्या जिभीला गाडीने जाताय?

तुम्ही दोघंच निघताय, तर पहिल्याच दिवशी उदयपूर गाठायचा हट्ट धरू नका. अंतर पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास आहे. अहमदाबादला मुक्काम करा. तिथून चंदीगडपर्यंतच्या रस्त्याची काळजी नको.

खरी परीक्षा मंडी शहरानंतर. टाकी तिथेच भरा, रोख पैसेही काढून ठेवा. होमस्टेवाल्यांना आधीच विचारा, गाडी दारापर्यंत जाते का? तिकडची बरीच लाकडी घरं रस्त्यापासून वर, पायवाटेवर असतात. औटहून बंजारकडे वळलात की रस्ता अरुंद होतो. तिथे चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, ते तापले की लागेनासे होतात. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, वेग इंजिनच आवरेल. निघण्याआधी माळशेज घाटात याचा सराव करा, आणि दोघांनीही करा. एकट्यानेच गाडी चालवली तर तिसऱ्या दिवशी थकव्याने डुलकी लागते, ती फार धोक्याची.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र कृपया जाऊ नका, दरडी कोसळतात. मंडीला पोहोचेपर्यंत अंधार पडला तर तिथेच राहा आणि घरमालकांना फोन करून कळवा.