शिकवण्यातच सगळा वेळ जातो, माझं रिसर्च संपलं का?

हा प्रश्न मला प्राध्यापक मंडळी फार विचारतात, विशेषतः चाळिशीच्या आसपासची. अशाच एक इनऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या असोसिएट प्रोफेसर आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). म्हणाल्या, "बॅचमेट कुठल्या कुठे गेले आणि मी दरवर्षी तेच क्रिस्टल फील्ड स्प्लिटिंग शिकवतेय." रात्री झोप येत नाही, मग लॅपटॉप उघडून दुसऱ्यांची सायटेशन्स बघत बसायचं, त्याने अजूनच झोप उडायची. त्यात एक पेपर अडकलेला, कारण त्यांच्या कॉम्प्लेक्सचा (मध्ये धातू आणि भोवती जोडलेले रेणू किंवा आयन, असं संयुग) नीट क्रिस्टल मिळत नाही आणि क्रिस्टल नाही तर एक्स-रे स्ट्रक्चर, म्हणजे एक्स-रेने कळणारी त्याची रचना नाही.

मी सहज विचारलं, क्रिस्टल वाढवतात कसा? तर बाई बोलतच सुटल्या. डायक्लोरोमिथेनच्या द्रावणावर हेक्सेनचा थर अगदी हळू सोडायचा, कुठे धक्का लागणार नाही अशा जागी व्हायल ठेवून द्यायची, मग दोन्ही हळूहळू एकमेकांत मिसळतात आणि नशीब असेल तर काचेला सुईसारखे क्रिस्टल दिसतात, नाहीतर तळाशी नुसती पावडर. बोलताना हात चालत होते, आवाज बदलला होता. ज्याचं विषयावरून मन उडालंय तो माणूस असं बोलत नाही. यांची गोडी शाबूत होती, वेळ मात्र उरत नव्हता. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

मग विचारलं, शिकवता शिकवता मोठं काम झालेलं कोणी आहे का तुमच्यात? त्यांनीच सांगितलं, रसायनशास्त्रज्ञ हेन्री टाउब. शिकागोत कोऑर्डिनेशन केमिस्ट्रीचा, म्हणजे अशाच कॉम्प्लेक्सच्या रसायनशास्त्राचा कोर्स तयार करताना ते या विषयात ओढले गेले, 1952 मध्ये लिगंड सब्स्टिट्यूशनवरचा (धातूला जोडलेला एक घटक जाऊन दुसरा येणं) गाजलेला रिव्ह्यू लिहिला आणि 1983 ला नोबेल. सांगून झाल्यावर जरा वेळ गप्पच बसल्या.

पण नुसत्या उदाहरणाने टाइमटेबल बदलत नाही ना. त्यांच्याकडे लेक्चर्स, प्रॅक्टिकल्स आणि वर दोन कमिट्या होत्या, आणि एचओडींना नाही म्हणायची सवयच नाही. ते वाक्य आम्ही सेशनमध्येच बोलून बघितलं. आधी प्रत्येक वेळी त्यात सॉरी यायचं, शेवटी जमलं: "सर, या सेमिस्टरला एकच कमिटी घेते, बुधवारची दुपार मला लॅबला लागणार आहे." सर हो म्हणाले, फार काही झालं नाही. वर्गात एका मुलाने विचारलेल्या शंकेवरून एमएस्सीचं एक प्रोजेक्टही सुरू झालंय. अडकलेला कॉम्प्लेक्स मात्र अजून पावडरच देतोय, आता काउंटर आयन (कॉम्प्लेक्सच्या सोबतचा विरुद्ध भाराचा आयन) बदलून बघतायत.

तुमचंही असंच चाललं असेल तर आधी आठवड्याचा वेळ कुठे जातो ते खरंखरं लिहून काढा. आणि झोप कित्येक आठवडे नीट लागत नसेल, विषयाचं नाव काढलं तरी नको वाटत असेल, तर टाइमटेबल नंतर बघू, आधी डॉक्टरांना भेटा.